बेहडाटोल्याचा रस्ता कोणी खोदला?

कंडक्टरला माणसं ओळखता येतात असं लोक म्हणतात. ते काही खरं नाही. कंडक्टरला माणसांवर संशय घेता येतो, एवढंच.

आम्हाला शिकवायला एक जुने वाहक होते. ते सांगायचे, "गाडीत चढणारा प्रत्येक माणूस भला आहे असं समजून त्याच्याशी बोला, आणि तसा तो नाही असं समजून त्याचं तिकीट फाडा." आता तिकीट फाडायचं नसतं, यंत्रातून निघतं. पण वाक्य अजून चालतं. तपासणीच्या लोकांनी मधेच गाडी थांबवली आणि एखाद्या प्रवाशाकडे तिकीट निघालं नाही, तर जाब प्रवाशाला नंतर, आधी मला विचारतात. म्हणून चढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे मी कधीच आधी बघितलं नाही. हात बघायचे, पिशवी बघायची. चढल्या चढल्या ज्याला गाढ झोप लागते त्याला आधी उठवायचं. कोंढ्याचा एक गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि पिशवी हलत होती. "काय आहे यात?" म्हटलं. "बायकोचं लुगडं आहे, बाई." एवढं तो बोलला आणि लुगडं आरवलं. सगळी गाडी हसली. कोंबड्याचा मालकसुद्धा हसला, पण कोंबड्यावर ओरडून म्हणाला, "दगाबाज!"

पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला तेव्हापासून तर गंमतच झाली. काल मिशीला कलप लावून सोयरिकीला गेलेला माणूस आज आधारकार्ड पुढे करून वाकून चालायला लागला. आणि याउलट एक बुढी होती, सायत्राबाई. खरोखरची पंच्याहत्तरी ओलांडलेली. तिला शून्य रुपयांचं तिकीट दिलं की ती ते उलटंसुलटं करून बघायची आणि म्हणायची, "काही घेतलं नाही, मंग हा कागद कायले देल्ला? उद्या कोणी मनलं का बुढी फुकट बसली, त?" तिला फुकट गोष्टीचा भरवसा नव्हता. आमचं तेवढ्यावरून जमलं.

तिच्याच रस्त्याची ही हकिकत आहे.

आमची सकाळची फेरी आगारातून निघून अड्याळला यायची आणि तिथून आत वळून कोसमबोडीला जायची. ही एक ग्रामपंचायत, पण वस्त्या दोन. मोठी वस्ती ती कोसमबोडी. तिच्या डोक्यावर तलाव. रस्ता तलावाच्या पाळीखालून जातो, इतका जवळून की पावसाळ्यात खिडकीतून हात काढला तर पाळीवरचं गवत हाताला लागावं. पाळ संपते तिथे सलंग आहे. तलाव भरला की जादा पाणी ज्या तोंडातून बाहेर पडतं त्याला आमच्याकडे सलंग म्हणतात. सलंगाचं पाणी धानाच्या बांध्यांतून, म्हणजे बांध घातलेल्या शेतांतून, उतरत खालच्या नाल्याला मिळतं. आणि त्या पाण्याच्या पलीकडे, थोड्या उंचावर, बेहडाटोला. मोजकी घरं, बेहड्याचं एक मोठं झाड आणि त्याच्याखाली गाडी वळवायची जागा.

कोसमबोडी ते बेहडाटोला हा तुकडा आधी नुसती पांदण होती, म्हणजे बैलगाडीची वाट. टोल्यावरच्या पोरी अड्याळच्या शाळेत जायच्या तर आधी चिखल तुडवत कोसमबोडीपर्यंत यायच्या. मग एका उन्हाळ्यात मुरूम टाकून ती पांदण चांगली उंच केली, रोलर फिरवला, आणि आमची फेरी टोल्यापर्यंत वाढली. पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, ड्रायव्हरला आणि मला साखर-खोबरं दिलं. ड्रायव्हर खुशालभाऊ. स्वभावानं कडू, पण हात सोन्याचा. बेहड्याखाली गाडी वळवताना तो म्हणाला, "हार आज घालून राहिले. पावसाळ्यात पाहा, हेच लोक शिव्या घालतीन."

पावसाळा आला. धानाच्या रोवणीच्या तोंडाशी एका सकाळी आम्ही सलंगाच्या पुढे आलो आणि खुशालभाऊनं करकचून ब्रेक दाबला. रस्ता मधोमध कापलेला. आरपार नाली, आणि तिच्यातून पाणी भरधाव चाललेलं. पलीकडे टोल्याच्या पोरी दप्तरं घेऊन उभ्या.

आम्हाला वाटलं, पावसानं वाहून गेला असेल. गाववाल्यांनी ट्रॅक्टरनं मुरूम आणून भरला. चार-दोन दिवस गाडी गेली. मग पुन्हा त्याच जागी तेच. या वेळी नालीच्या काठावर कुदळीचे घाव स्वच्छ दिसत होते.

पाऊस कुदळ वापरत नाही. त्या दिवसापासून आमची गाडी बदलली.

गाडी म्हणजे तिच्यातली माणसं. तोवर कोसमबोडीची आणि टोल्याची माणसं मिसळून बसायची. आता कोसमबोडीवाले पुढे, टोल्यावाले मागे. टोल्यावाले पाण्यातून उतरून, अर्धे भिजून गाडीपर्यंत यायचे. त्यांचे चिखलाचे पाय पाहून पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "कोणाचे पाय कायनं भरले, कोण जाणे." मी तिकिटं देत मागे गेले की मागचं बोलणं थांबायचं, पुढे आले की पुढचं. गावच्या मोबाइलवरच्या ग्रुपात नालीचा फोटो फिरत होता आणि त्याच्याखाली प्रत्येकानं आपापला चोर लिहिला होता.

बहुतेकांचा चोर एकच होता. दौलत.

दौलत टोल्याचाच. त्याची काळी-पिवळी जीप होती. एसटी टोल्यावर यायच्या आधी अड्याळ ते टोला तोच माणसं वाहायचा. एसटी आली आणि बायकांना अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांना फुकट, मग त्याच्या जीपमध्ये कोण बसणार? रस्ता बंद पडला तर फायदा कोणाचा? हा प्रश्न विचारायलासुद्धा कोणाला थांबावं लागलं नाही. दौलत बोलायला तोडका, तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि डोळ्याला डोळा न देणारा. संशय घ्यायला असा माणूस फार सोयीचा असतो.

पण गाव एका चोरावर भागवत नाही. काहींचं म्हणणं, रस्ता सरपंचानं खोदला. म्हणजे पुन्हा दुरुस्तीचं काम निघतं. काहींचं, टोल्यातल्या विरोधकांनी. आणि एक दिवस आगारात मला आणि खुशालभाऊला बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलासमोर उभं करून विचारलं, "गावातून तक्रार आहे की चालक-वाहकांना खराब रस्त्यावर जायचं नाही, म्हणून तेच कोणाकडून तरी रस्ता खोदवून घेतात."

मला हसू आलं. मग खुशालभाऊकडे पाहिलं आणि हसू थांबलं. कारण हा माणूस रोज सकाळी म्हणायचा, "हा रस्ता गाडीसाठी नाही, रेड्यासाठी आहे. बंद झाला त देवाले नारळ फोडीन." आणि त्याची सासुरवाडी कोसमबोडीच्या जवळच, म्हणजे खोदायला माणूस मिळायची अडचण नाही. परत येताना मी केबिनच्या जाळीतून त्याच्या पाठीकडे बघत होते. तो अचानक आरशातून म्हणाला, "बाई, एक विचारू? तुमाले भंडाऱ्याची फेरी पायजे होती ना? साहेबाले तसं म्हटलं होतं ना तुमी?"

"म्हणजे?"

"काही नाही. विचारलं आपलं."

म्हणजे तोही माझ्यावर! आम्ही एका डब्यातलं खाणारी माणसं. त्या दिवशी मी माझी भाजी त्याला दिली नाही आणि त्यानंही मागितली नाही.

साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. रस्ता असाच राहिला तर फेरी कोसमबोडीतूनच परत फिरवायची, आणि पोरींचे पास टोल्यावरून निघणार नाहीत. हे टोल्यावर कळलं तेव्हा दोन घरांनी पोरींना शाळेतून काढायची भाषा सुरू केली. रोज कमरेपर्यंत भिजून वयात आलेली पोर गाडीत बसणार, हे बापांना पटत नव्हतं, आणि मलाही पटत नव्हतं. मी एक जुनी साडी गाडीत ठेवायला लागले, पोरी तिनं पाय पुसायच्या. त्यांच्यात सायत्राबाईची नात ममता होती, अकरावीची. सायत्राबाईचा मुलगा नागपूरला कामाला. घरी सून, नात आणि ही बुढी. शेती बुढीच करायची. पावसाळ्यात रानातल्या सात्या, म्हणजे वारुळावर उगवणारे छत्रीसारखे पांढरे मशरूम, पळसाच्या पानांत बांधून अड्याळच्या बाजारात विकायची. रस्ता कापल्यावर तीही पाण्यातून टोपली डोक्यावर धरून यायची. गाडीत दौलतचं नाव निघालं की ती खिडकीबाहेर बघत बसायची. मला वाटायचं, टोल्यातला माणूस म्हणून तिला वाईट वाटत असेल.

गावानं तिसऱ्यांदा रस्ता भरला. मुरुमावर दगड टाकले. पोरांनी ठरवलं होतं, आता खोदला तर सोडायचं नाही. आणि तो पुन्हा खोदला गेला.

त्या सकाळी आमची गाडी नालीच्या अलीकडे थांबली तेव्हा तिथे जत्रा जमली होती. दौलत अड्याळहून रिकामी जीप घेऊन आला होता आणि त्यालाही पलीकडे जाता येत नव्हतं. त्याच्या जीपची समोरची काच फुटलेली. कोसमबोडीच्या दोघा पोरांनी त्याची कॉलर धरली होती. पोलीस पाटील बाजूला उभे होते, पण सोडवत नव्हते.

"बोल ना, कोणाच्या कुदळीनं खोदला?"

"म्या नाही खोदला," दौलत खाली पाहून म्हणाला.

"मंग तुह्या बापानं खोदला?"

एकानं हात उचलला. गाडीतली माणसं खिडक्यांतून बघत होती. मी बॅग आवळून दारात उभी होते. एवढ्यात पाण्यातून सायत्राबाई आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर टोपली. तिनं टोपली रस्त्याच्या कडेला ठेवली आणि सरळ त्या पोरांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"सोडा त्याले. रस्ता म्या खोदला."

मग एक जण हसला. मग सगळेच.

"आजी, तुमी बाजूले व्हा बरं."

"बाजूले काहून? म्या खोदला मनून राहिली ना! पहिल्या खेपेले म्या, दुसऱ्या खेपेले म्या, अन् आताबी म्याच."

"तुमाच्यानं कुदळ उचलते का?"

"नाली उलीशीच करा लागते. बाकी पाणी करते."

पोलीस पाटील पुढे आले. वयस्क माणूस, आवाज गोड. "सायत्राबाई, खरं सांग. दौलतनं तुले काय देल्लं? बाजारात फुकट नेतो म्हनला का?"

बुढीच्या तोंडावर कोणी थापड मारावी तसा तिचा चेहरा झाला. एसटीचं ते शून्य रुपयांचं तिकीट सोडलं तर तिनं आयुष्यात फुकट काही घेतलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पाटलांना नव्हतं, किंवा असूनही आठवलं नाही.

"पाटील," ती म्हणाली, "म्या अर्ज केला, तुमी मनले रस्ता झाल्यावर पाहू. म्या सरपंचाले मनली, थो मने गाडी येऊन राहिली ते पाह्यना बुढी, थोडं सोस. माह्या बांध्यांत धानाचे पऱ्हे बुडले. सारं पिवळं झालं. हा रस्ता तुमी पाळीसारखा बांधला अन् सलंगाचं पाणी माह्या वावरात आणून सोडलं. आंधी खाली पाइप होता, थो मुरुमात गाडून टाकला. मी पाणी कुठी धाडू? डोक्यावर घेऊन जाऊ?"

हे ती एका दमात बोलली. मी रस्त्याकडे पाहिलं. वरच्या अंगाला खरंच पाणी तुडुंब साचलं होतं. खालच्या अंगाला बांध्यांत नुसता चिखल. रोज दोनदा मी त्या रस्त्यावरून गेले होते आणि खिडकीतून फक्त माणसांचे पाय बघत आले होते. पण ते सगळं ऐकूनही गर्दीतून आवाज आला तो असा: "पाहा, किती पढवून ठेवलं आहे बुढीले."

दौलतची कॉलर सुटली, पण त्याच्यावरचा डोळा सुटला नाही. उलट आता त्याचा गुन्हा दुप्पट झाला. स्वतः खोदला आणि वरून एका म्हातारीला पुढे केलं. त्यानं जीप मागे घेतली. जाताना त्यानं सायत्राबाईकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. तूसुद्धा कायले मधी पडली, असं काहीतरी होतं.

बुढी गाडीत चढली नाही. टोपली उचलून परत पाण्यात शिरली. शिरताना मागे वळून म्हणाली, "भरा आज रस्ता. चांगला भरा. अन् उद्या सकाळी साऱ्याइनं या. पाटील, तुमीबी या."

रस्ता भरला गेला, या वेळी जरा उंचच. दुसऱ्या सकाळी अड्याळहून निघतानाच गाडी भरली होती. टोल्याकडे ज्यांचं काहीच काम नव्हतं असे लोकही तिकीट काढून बसले होते. खुशालभाऊ आणि मी आगारातल्या त्या दिवसापासून एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. सलंग आला तसा तो हळूच म्हणाला, "बाई, बुढी उभी आहे."

भरलेल्या जागेच्या मधोमध सायत्राबाई उभी होती. हातात कुदळ, बाजूला फावडं. टोल्याची सगळी माणसं तिच्यामागे. सून पदर तोंडाला लावून, ममता दप्तर छातीशी धरून. अलीकडे सरपंच, पोलीस पाटील, कालची पोरं. आणि जरा दूर, फुटक्या काचेच्या जीपला टेकून दौलत.

खुशालभाऊनं गाडी थांबवली. नियमाप्रमाणे मी घंटी द्यायची, लोकांना बाजूला व्हायला सांगायचं, रस्ता धड होता, गाडी पुढे न्यायची. मी घंटीच्या दोरीला हात लावला नाही. खुशालभाऊनं माझ्याकडे आरशातून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झाल्यावर पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. सलंगावरून पडणाऱ्या पाण्याचा.

बुढीनं कुदळ उचलली. पहिला घाव दगडावर बसला, खण्ण झालं, आणि कोणीतरी फिस्सकन हसलं. तिनं दगड पायानं सरकवला, वाकून हातानं उचलला आणि बाजूला फेकला. दुसरा घाव मुरुमात गेला. ती जोरानं मारतच नव्हती. कुदळ स्वतःच्या वजनानं पडू द्यायची, ती फक्त वाट दाखवत होती. थोडं खोदायची, फावड्यानं ओढायची, कमरेवर हात ठेवून दम खायची, पुन्हा खोदायची. सुनेनं पुढे होऊन फावडं धरलं तर तिला म्हणाली, "सरक तू. मंग मनतीन का सुनेनं खोदला."

पाटील म्हणाले, "बस झालं, सायत्राबाई. पटलं."

"नाही पटलं. पाणी जाऊ द्या. मंग पटन."

कालची पोरं खाली बघत होती. त्यांच्यातला एक न राहवून पुढे गेला आणि म्हणाला, "आजी, आणा, मी मारतो." तिनं कुदळ दिली नाही. आणि सगळ्यांच्या मागे दौलत उभा होता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. त्याच्या घरची बुढी नव्हती ती, पण शेजारची होती. तो पुढे झाला असता तर कुदळीला त्याचा हात लागला असता, आणि तेवढंच गावाला पुरलं असतं. हे त्याला कळत होतं. इतका मोठा बाप्या माणूस, पण हात बांधून उभं राहायचं काम त्या दिवशी सगळ्यांत अवघड त्याचंच होतं.

नाली अलीकडून पलीकडे पोहोचली. आधी पाण्याची एक बारीक रेघ आली, बोटाएवढी. मग तिनं काठाची माती चाटायला सुरुवात केली. मग एक ढेकूळ धपकन पडलं, आणि बघता बघता पाण्यानं रस्ता फाडला. लोक मागे सरले. खालच्या कोरड्या बांध्यांत पाणी शिरलं आणि वरचं पाणी उतरायला लागलं. बराच वेळ काही दिसलं नाही. मग पाण्याच्या वर पिवळी टोकं आली, एक ओळ, मग दुसरी. पऱ्हे, धानाची रोपं. आडवे झालेले, चिखलानं माखलेले, पण मुळं धरून होते.

सायत्राबाई कुदळीवर टेकली होती. सरपंचाला म्हणाली, "आता कोणी खोदला मना."

सरपंच वाकून बांधीतले पऱ्हे बघायला लागला.

मग ममताचा आवाज आला. पोर रडकुंडीला आली होती. "आजी, मंग मी शाळेत कशी जाऊ?"

बुढीनं कुदळ टाकली. ती काय म्हणाली ते मला जसंच्या तसं आठवतं. "रस्ता बी मलेच पायजे, धान बी मलेच पायजे. मी कोणाच्या नावानं रडू? चाल, हात दे."

तिनं नातीचा हात धरला आणि दोघी पाण्यात उतरल्या. धार जोराची होती. बुढी वरच्या अंगाला, म्हणजे धारेच्या तोंडाला, आणि पोर खालच्या अंगाला. अलीकडे आल्या. बुढीनं नातीला गाडीच्या पायरीवर चढवलं, मागे वळली आणि दुसरी पोर आणायला गेली. मग तिसरी. कालची पोरं आता पाण्यात उतरली, साखळी करून उभी राहिली. शेवटची पोर गाडीत आल्यावर मी साडी दिली. खुशालभाऊनं गाडी सुरू केली आणि तेवढ्या अरुंद जागेत, पाळीच्या कडेला, एका दमात वळवली. अड्याळ आल्यावर डबा उघडून त्यानं वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवली.

त्यानंतर कामं झाली. कोणी कोणाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण मोजणीची माणसं आली, आणि दिवाळीच्या आत रस्त्याखाली चांगले मोठे सिमेंटचे पाइप बसले. तोवर आमची गाडी सलंगापाशीच वळायची आणि पोरींना आणायला रोज कोणी ना कोणी पाण्यात उभं असायचं. फेरी बंद झाली नाही. त्या हंगामात सायत्राबाईला धान निम्म्याहून कमी झालं, असं तिची सून म्हणाली. ममता बारावी झाली आणि पुढे शिकायला गेली.

हे सगळं भर दिवसा, गाडीभर लोकांसमोर झालं. म्हणून मला वाटलं होतं, तो प्रश्न तिथे संपला. पण परवा कोसमबोडीला नव्यानं बदलून आलेल्या शिक्षकांना एक प्रवासी सांगत होता. गाडी पाइपांवरून जात होती. "सर, इथला रस्ता एका जीपवाल्यानं खोदला होता. एसटी बंद पाडाले. मंग एका म्हातारीले पुढे केलं."

मी तिकीट देता देता म्हटलं, "तसं नाही, भाऊ. मी होते तिथे. ही गाडी तिथे उभी होती."

तो माझ्याकडे बघून हसला, समजूतदारपणे. "तुमी एसटीवाल्या, बाई. रोज साऱ्याइलेच घेऊन जा लागते, तुमाले त तसंच सांगा लागन."

शिक्षक दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी कोणावर विश्वास ठेवला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी पुढच्या बाकाकडे गेले.

दौलतनं ती जीप पाइप बसले त्याच वर्षी विकली. गावात त्याच्या बाजूनं सायत्राबाईशिवाय कोणी उघड बोललं नाही, त्याच्या तोंडावर विरुद्धही बोललं नाही. फक्त त्याच्या गाडीत बसायचं लोकांनी सोडलं, एसटी नसेल तेव्हासुद्धा. तो लाखांदूरकडे निघून गेला. मागच्या हिवाळ्यात माझी ड्यूटी त्या बाजूला लागली होती, तेव्हा लाखांदूरच्या स्टँडबाहेर तो दिसला. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो. केस पांढरे झालेत. त्यानं मला ओळखलं, चहा आणला.

इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "बाई, टोल्यावर अजून माह्यच नाव घेतात ना?"

मी खोटं बोलले नाही. "काही लोक घेतात."

"इथबी आलं आहे ते. माह्या आंधी आलं." त्यानं खर्रा थुंकून तोंड पुसलं. "खरं सांगू का? कधी कधी मलेबी वाटते, का मीच खोदला असन. एवढे लोक मनतात, त सारेच कसे खोटे असतीन?"

तो हसला. मला हसता आलं नाही.

"बुढी आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे. अजून सात्या आणते बाजारात."

"तिले सांगजा, जित्ती राय मना. ते गेली त माह्या बाजूनं बोलणारं कोणी नाही उरत."

मी निरोप पोहोचवला. पावसाळ्यात माझी फेरी पुन्हा टोल्याकडे आली तेव्हा सायत्राबाई पहिल्याच बाकावर बसली होती, पायाशी टोपली, अंगावर ओला पदर. मी दौलतचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मग खिडकीतून बांध्यांकडे बघत तिनं वैतागून हात हलवला.

"त्याले मना, मी कुठी चाल्ली? अजून रोवणा व्हायचा आहे."